लेकीचा प्रकल्प आणि दुकानाची खतावणी

या वेळचे पत्र नाशिकच्या रविवार कारंजा परिसरातील एका घाऊक किराणा व्यापाऱ्यांचे आहे. जागेअभावी ते थोडे संक्षिप्त करून देत आहे.

“माझी मुलगी बी.बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी बारावीनंतर वडिलांच्या दुकानात बसलो आणि आमच्या दिवाणजींकडून कीर्द-खतावणी, म्हणजे रोजच्या नोंदी आणि खातेवार हिशेब, शिकलो. मुलगी सगळा अभ्यास लॅपटॉप आणि मोबाइलवर करते; पुस्तक क्वचित उघडते. गेल्या सत्रात तिने नाशिकमधील घाऊक किराणा व्यवसायावर चाळीस पानांचा प्रकल्प अहवाल एआयकडून एका संध्याकाळी तयार करून घेतला. त्यात लिहिले होते की येथील घाऊक व्यापारी किरकोळ दुकानदारांना तीस दिवसांची उधारी देतात. आमची खेड्यापाड्यांतली उधारी द्राक्ष-कांद्याच्या हंगामावर फिरते. तीस दिवसांचा नियम मी कधी पाहिला नाही. तरी तिला 20 पैकी 18 गुण मिळाले. हाताने खतावणी शिक म्हटले तर ती म्हणते, ‘पप्पा, हे सगळं आता सॉफ्टवेअर करतं.’ शिवाय डेटा अ‍ॅनालिटिक्सच्या ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी एका संस्थेचा माणूस रोज फोन करतो. 85,000 रुपये, हप्त्याने. ती खरोखर शिकते आहे का? हे पैसे भरावेत का? आणि तिला दुकानात बसवले तर तिचा अभ्यास बुडेल का?”

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य तुम्ही ओघात लिहून गेला आहात, आणि ते तीस दिवसांच्या उधारीचे आहे. चाळीस पानांतील ती चूक तुमच्या नजरेने टिपली. तपासणाऱ्या प्राध्यापकांना ती दिसली नाही आणि जिच्या नावाने तो अहवाल जमा झाला तिलाही दिसली नाही. मुलगी शिकते आहे का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी याच चुकीपासून शोधू इच्छिते, कारण वाणिज्याच्या शिक्षणात संगणकाने काय बदलले आणि काय बदलले नाही, हे दोन्ही त्या चुकीत दिसते.

चॅटजीपीटी 30 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वांसाठी खुले झाले आणि त्यानंतर अशा प्रकारच्या यंत्रणा विद्यार्थ्यांच्या हाती फार झपाट्याने आल्या. त्या प्रचंड प्रमाणात लिहिलेला मजकूर पचवून, पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता अधिक आहे याचा अंदाज घेत वाक्ये जुळवतात. व्यापारावरच्या असंख्य लेखनात ‘तीस दिवसांची उधारी’ हा शब्दप्रयोग आलेला असणार, म्हणून तो रविवार कारंजावरही येऊन बसला. निफाडचा किंवा दिंडोरीचा दुकानदार तुमचे पैसे कधी चुकते करतो, त्याच्या गिऱ्हाइकाच्या हातात द्राक्षाचा पैसा कधी पडतो, आणि गारपीट झालेल्या वर्षी तुम्ही कोणाला किती सांभाळून घेता, हे कोणी कुठे लिहून ठेवलेले नाही. ते तुमच्या उधारीच्या वहीत आहे आणि उरलेले तुमच्या डोक्यात आहे. यंत्राला तिथवर पोहोचण्याची वाट नव्हती. तुमच्या मुलीला होती, आणि ती वाट घराच्या ओट्यापासून सुरू होत होती.

तिला यासाठी रागावू नका, असे मी आग्रहाने सांगेन. तिने जे काम यंत्राकडे सोपवले, नेमक्या त्याच कामात शिकणे होते. हे तिला कोणी सांगितलेले दिसत नाही, आणि मिळालेल्या 18 गुणांनी तर तिला उलटेच शिकवले. यात आम्हा शिक्षकांचा दोष मोठा आहे. मी एकतीस वर्षे वाणिज्य शाखेत शिकवले, आणि संगणक येण्याच्या आधीसुद्धा प्रकल्प अहवाल मागच्या वर्षीच्या मुलांकडून उतरवले जातच होते. तेव्हा निदान उतरवताना हात तरी दुखत असे. छापील पानांना गुण देण्याची पद्धत आता पूर्णपणे निरुपयोगी झाली आहे. त्याऐवजी दहा मिनिटे समोर बसवून ‘हा आकडा तुला कोणी दिला, त्याच्या दुकानात तू कधी गेलीस, त्याने आधी सांगायला नकार दिला का,’ एवढे विचारले तरी कोण शिकले आणि कोण नाही हे कळते. माझ्या ज्या सहकाऱ्यांचे वर्ग अजून चालू आहेत त्यांना साठ-सत्तर मुलांची तोंडी परीक्षा घेणे किती जड जाते, याची मला पूर्ण जाणीव आहे. तरीही दुसरा मार्ग मला दिसत नाही.

आता मुलीची बाजू मांडते, कारण ती मांडणे आवश्यक आहे. जिल्ह्यातील कितीतरी मुले-मुली मराठी माध्यमातून येतात आणि बी.बी.ए.च्या पहिल्याच आठवड्यात इंग्रजी पाठ्यपुस्तकांपुढे गप्प होतात. ‘घसारा’ (वापराने वस्तूचे मूल्य घटणे) हा शब्द ज्याने घरी ऐकला आहे त्याला ‘डेप्रिसिएशन’ ही काही परकी गोष्ट वाटावी, हे आमच्या शिक्षणाचे जुने दुखणे आहे. वर्गात हात वर करून ‘मॅडम, पुन्हा सांगा’ म्हणण्याचे धाडस न होणाऱ्या मुलीला आज रात्री अकरा वाजता तीच संकल्पना मराठीत, सोप्या उदाहरणाने, पाच वेळा विचारता येते आणि कोणी हसत नाही. याचे महत्त्व मी कमी लेखणार नाही. माझ्या काळात हे असते तर वर्गाच्या मागच्या बाकावरून नाहीशा झालेल्या काही मुली पदवीपर्यंत टिकल्या असत्या, असे मला मनापासून वाटते. तेव्हा तिने एआय वापरू नये असे तुम्ही तिला सांगू नका. तिने त्याच्याकडून समजून घ्यावे, स्वतःला प्रश्न विचारून घ्यावेत, लिहिलेल्या उत्तरातील त्रुटी काढून घ्याव्यात. मात्र करकायद्याचे कलम, कराचा दर, बाजारातला आकडा किंवा कोणा माणसाचे म्हणणे त्याच्याकडून घेऊ नये. ते मूळ ठिकाणाहून घ्यावे.

‘हे सगळं आता सॉफ्टवेअर करतं’ या तिच्या वाक्यावर मला जरा सविस्तर लिहायचे आहे.

ती म्हणते ते खोटे नाही. 1978 मध्ये डॅन ब्रिकलिन हा हार्वर्डमधील व्यवस्थापनाचा विद्यार्थी वर्गात बसला होता. फळ्यावरच्या कोष्टकातील एक आकडा बदलला की प्राध्यापकांना त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. ते पाहून त्याला जी कल्पना सुचली तिच्यातून बॉब फ्रँकस्टन याच्या साथीने ‘व्हिजिकॅल्क’ हे कोष्टकांचे सॉफ्टवेअर तयार झाले आणि 1979 मध्ये बाजारात आले. आज तुमची मुलगी जे एक्सेल वापरते त्याचा हा पूर्वज होय. व्यवसाय शिक्षणाला कलाटणी देणारे साधन वाणिज्याच्याच वर्गात आणि विद्यार्थ्याच्याच कंटाळ्यातून जन्मले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्यापूर्वी ‘साखर क्विंटलमागे शंभर रुपयांनी महागली तर काय होईल’ हा प्रश्न वर्गात विचारणे म्हणजे पुन्हा तासभर आकडेमोड करणे होते. त्यानंतर तो प्रश्न एका तासात वीस वेळा विचारता येऊ लागला. आपल्याकडे 1986 मध्ये बेंगळुरूत ‘टॅली’ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची सुरुवात झाली आणि पुढच्या काही वर्षांत लाल कापडाच्या चोपड्या हळूहळू फडताळात गेल्या. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आल्यावर तर हाताने हिशेब ठेवणे लहान व्यापाऱ्यालाही परवडेनासे झाले. वर्षाला 5 कोटी रुपयांपेक्षा अधिक उलाढाल असलेल्यांना ऑगस्ट 2023 पासून व्यापाऱ्यांना केलेल्या विक्रीचे बीजकसुद्धा सरकारी पोर्टलवर नोंदवावे लागते. पुरवठादाराने विवरणपत्र वेळेवर भरले नाही तर तुमच्या खरेदीवरील कराची वजावट अडकते, हे तुम्ही स्वतः अनुभवले असेल. असा हिशेब कागदावर होणे नाही.

परंतु या बदलात एक गोष्ट सहज नजरेआड झाली. इटलीतील गणिती लुका पाचोली यांनी 1494 मध्ये द्विनोंदी पद्धत छापील रूपात मांडली, तेव्हापासून प्रत्येक व्यवहार एका खात्यावर नावे आणि दुसऱ्यावर जमा होत आला आहे, आणि तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या नावे-जमा बाजूंच्या बेरजांचा मेळ, जुळली की माणूस सुटकेचा श्वास टाकत आला आहे. आमच्या विद्यार्थिदशेत तेरीज जुळली नाही की शोध सुरू होई. फरकाच्या रकमेला नवाने निःशेष भाग गेला तर कुठेतरी अंकांची अदलाबदल झाली आहे असे समजायचे, म्हणजे 54 च्या जागी 45 लिहिले गेले असेल. तसे नसेल तर फरक निम्मा करायचा आणि तेवढ्या रकमेची नोंद उलट्या बाजूला पडली आहे का ते पाहायचे. तुमच्या दिवाणजींनी ही युक्ती तुम्हाला नक्कीच शिकवली असेल. या शोधात प्रत्येक खाते दहा वेळा डोळ्यांखालून जाई, आणि धंद्याची ओळख त्या फिरण्यातून होई.

सॉफ्टवेअरमध्ये तेरीज नेहमीच जुळते. एक नोंद केली की दोन्ही बाजू तेच भरते, त्यामुळे न जुळण्याचा प्रश्नच राहिला नाही. मात्र चुका संपल्या नाहीत. नव्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याची किंमत मालमत्तेऐवजी दुरुस्तीखर्चात टाकली, घरचे वीजबिल दुकानाच्या खात्यावर गेले, सिन्नरच्या एका दुकानदाराचे पैसे त्याच आडनावाच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या खात्यावर जमा झाले किंवा एखादे बिल नोंदवलेच गेले नाही, तर पडद्यावर सगळे हिरवेगार दिसते. या चुका तेरजेने पूर्वीही पकडल्या नसत्या. परंतु पूर्वी त्या अनेक प्रकारच्या चुकांपैकी काही होत्या, आता जवळजवळ त्याच उरल्या आहेत. म्हणजे यंत्राने सोप्या चुका काढून टाकल्या आणि अवघड चुका माणसासाठी शिल्लक ठेवल्या. ज्या विद्यार्थ्याने खतावणी कधी हाताने केली नाही, त्याला या चुका कुठे दडतात याची कल्पनाच नसते.

पडद्यावरच्या कोष्टकाविषयी जो आदर वाटतो तो किती महाग पडतो, याची दोन उदाहरणे तिला अवश्य सांगा. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांनी 2010 मध्ये सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांच्या संबंधावर एक निबंध प्रसिद्ध केला, आणि अनेक देशांतील काटकसरीच्या धोरणांच्या समर्थनासाठी त्याचा दाखला दिला गेला. 2013 मध्ये थॉमस हर्नडन हा मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचा विद्यार्थी वर्गातील स्वाध्याय म्हणून तेच आकडे पुन्हा काढू लागला, आणि ते जुळेनात. मूळ एक्सेल फाइल मिळवून पाहिल्यावर सरासरीच्या सूत्रातून पाच देशांच्या ओळी सुटलेल्या आढळल्या. निष्कर्ष बदलण्याची इतरही कारणे होती, पण ही चूक कोणत्याही बी.कॉम.च्या मुलाला समजेल अशी होती. दुसरे उदाहरण ऑक्टोबर 2020 मधले ब्रिटनचे आहे: एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये 65,536 पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत, आणि ही मर्यादा लक्षात न आल्याने कोरोनाबाधितांच्या 15,841 नोंदी वेळेवर मोजल्या गेल्या नाहीत. फाइलने तक्रार केली नाही. तिने उरलेल्या ओळी नुसत्या घेतल्या नाहीत.

म्हणून खतावणीविषयी माझे मत असे आहे की तिने ती हाताने शिकावी, परंतु एकच महिना. तुमच्या दुकानाच्या एका महिन्याची खरी बिले, पावत्या, बँकेचे विवरण आणि यूपीआयच्या जमा रकमा घेऊन तिने रोजकीर्द, खतावणी, तेरीज आणि शेवटी नफा-तोटा पत्रक व ताळेबंद हे सगळे कागदावर करावे. नंतर तोच महिना सॉफ्टवेअरमध्ये भरावा आणि दोन्ही शेजारी ठेवून फरक शोधावा. पाठ्यपुस्तकातील ‘राम यांनी श्याम यांना माल विकला’ ही उदाहरणे इथे चालणार नाहीत, कारण त्यांत कोणी अर्धे पैसे रोख आणि अर्धे पुढच्या गुरुवारी देत नाही, कोणी फुटलेले डबे परत आणत नाही, आणि यूपीआयने आलेले पैसे नेमके कोणत्या बिलाचे हा प्रश्नही पडत नाही. महिनाभराचे हे काम झाले की पुन्हा कधीही हाताने खतावणी लिहिण्याचा आग्रह तुम्ही धरू नये. तो धरलात तर तिला वाटेल की तुम्हाला तिचे शिकणे नको असून तुमचा काळ परत हवा आहे.

पुस्तक उघडत नाही, या तुमच्या तक्रारीबद्दल थोडे वेगळे बोलते. व्हिडिओ पाहून शिकता येते. माझी हरकत व्हिडिओ पाहून झाल्यावर जे होत नाही त्याला आहे. दीडपट वेगाने व्याख्यान ऐकताना सगळे समजल्यासारखे वाटते, आणि हे वाटणे फसवे असते. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर दुसऱ्या गटाने तो वाचून झाल्यावर बाजूला ठेवून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे गेले. आपल्या आजी-आजोबांनी पाढे आणि पावकी-निमकी न बघता म्हणून घेतली, त्यामागे हेच होते. तिने प्रत्येक व्हिडिओनंतर लॅपटॉप मिटावा, कोऱ्या कागदावर दहा ओळी लिहाव्यात आणि जिथे अडखळेल तेवढाच भाग पुन्हा पाहावा. पुस्तकासाठीही हाच उपाय आहे. पुस्तक की पडदा, हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही.

85,000 रुपये भरू नका. निदान आज भरू नका आणि हप्त्याने तर मुळीच भरू नका. अशा अभ्यासक्रमाचे ‘हप्ते’ हे अनेकदा एखाद्या वित्तसंस्थेने तुमच्या नावावर दिलेले कर्ज असते, आणि मुलीने दुसऱ्या महिन्यात शिकणे सोडले तरी ते चालू राहते. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर 2021 मध्येच पालकांना अशा कंपन्यांबाबत सावध केले होते आणि खात्यातून आपोआप पैसे वळते होण्याची परवानगी देणे टाळा, असे सांगितले होते. रोज फोन करणाऱ्या माणसाला ‘संपूर्ण अटी, परतावा केव्हा आणि किती, हे लेखी पाठवा’ एवढेच सांगा. तसे लेखी आल्याशिवाय पुढे बोलू नका.

याच विषयाचे चांगले शिक्षण कमी खर्चात मिळते. केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ 2017 पासून सुरू आहे. आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी चालवलेल्या ‘एनपीटीईएल’चे अभ्यासक्रमही त्यावर आहेत. शिकणे विनामूल्य आहे. प्रमाणपत्रासाठी परीक्षेला बसायचे असेल तरच शुल्क लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या नियमांनुसार एका सत्रातील 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून घेऊन त्यांचे श्रेयांक (क्रेडिट) पदवीत धरता येतात; तिच्या महाविद्यालयात ही सोय लागू केली आहे का, हे तिने कार्यालयात विचारून घ्यावे. घरबसल्या शिकणे ही कल्पना नाशिकला नवी नाही. गंगापूर धरणाजवळ गोवर्धन येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून हेच काम करत आहे, आणि त्या विद्यापीठानेही केवळ पुस्तके पोस्टाने पाठवून भागवले नाही. गावोगावी अभ्यासकेंद्रे उभारली, कारण एकट्याने शिकणाऱ्याला महिन्यातून काही वेळा तरी विचारायला माणूस लागतो. तिच्यासाठी ते माणूस तुम्ही आहात, तुमचे करसल्लागार आहेत, आणि एखादी वर्गमैत्रीणही असू शकेल.

डेटा अ‍ॅनालिटिक्स शिकायचेच असेल तर त्याची सर्वोत्तम प्रयोगशाळा तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. लासलगाव बाजार समितीतील कांद्याचे रोजचे भाव केंद्र सरकारच्या ‘अ‍ॅगमार्कनेट’ या संकेतस्थळावर मिळतात: आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव. तिने 2023 आणि 2024 या दोन वर्षांचे आकडे उतरवून घ्यावेत आणि त्यांच्याशेजारी सरकारी निर्णयांच्या तारखा लिहाव्यात. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लागले. 8 डिसेंबर 2023 पासून निर्यातबंदी आली. 4 मे 2024 रोजी ती उठली, पण किमान निर्यातमूल्य आणि 40 टक्के शुल्क राहिले. सप्टेंबर 2024 मध्ये शुल्क 20 टक्क्यांवर आले आणि 1 एप्रिल 2025 पासून ते रद्द झाले. एक्सेलमध्ये आलेख काढणे हे दहा मिनिटांचे काम आहे, आणि ते एआयसुद्धा करून देईल.

खरे शिकणे त्यानंतर सुरू होते. आलेखात काही दिवस रिकामे दिसतील. यंत्र तिथे शून्य धरेल किंवा आदल्या आणि पुढच्या भावांना जोडणारी सरळ रेषा ओढेल. ज्याने लासलगाव पाहिले आहे त्याला माहीत असते की त्या रिकाम्या दिवसांपैकी काही रविवार आणि सणांच्या सुट्या आहेत, तर काही दिवशी व्यापाऱ्यांनी किंवा शेतकऱ्यांनी विरोध म्हणून लिलाव बंद पाडले होते. सुटीच्या दिवशी भाव नसणे आणि बंदच्या दिवशी भाव नसणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्यात बाजार झोपलेला असतो, दुसऱ्यात ट्रॅक्टर घरी उभा असतो आणि कांदा साठवणीच्या चाळीत सडत असतो किंवा शेतात पडून असतो. तसेच ‘सर्वसाधारण भाव’ म्हणजे किमान आणि कमाल यांचा मध्य नव्हे. ज्या भावाने अधिक माल गेला तो भाव होय. डिसेंबरचा लाल कांदा टिकत नाही आणि उन्हाळ कांदा चाळीत महिनोन्‌महिने राहतो, त्यामुळे त्याच निर्णयाचा दोन्ही कांद्यांच्या शेतकऱ्यांवर निरनिराळा परिणाम होतो. हे तिला एका सकाळी लासलगावच्या लिलावात उभे राहून, ट्रॉलीमागून ट्रॉली पुकारताना ऐकून, दोन-तीन शेतकऱ्यांशी आणि एखाद्या आडत्याशी बोलून कळेल. सोबत तुम्ही जा. तुमची तिथे कोणाशी तरी ओळख असणारच.

नोकरीविषयी तुम्ही थेट विचारलेले नाही, पण पत्रात ती काळजी आहे. केवळ बिले भरण्याचे, एका तक्त्यातून दुसऱ्यात आकडे उतरवण्याचे काम कमी होत जाईल, हे तुम्ही आणि तिने गृहीत धरावे. वाढेल ते असे काम, ज्यात आकडा आणि वस्तू दोन्ही ओळखावी लागतात. आपल्या जिल्ह्यातूनच उदाहरण देते. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी ‘अपेडा’ या शेतमाल-निर्यातीच्या सरकारी संस्थेने 2006 च्या सुमारास ‘ग्रेपनेट’ ही ऑनलाइन व्यवस्था सुरू केली. तिच्यात बाग नोंदवलेली असते, कीटकनाशकांच्या अवशेषांच्या तपासणीचा प्रयोगशाळेचा अहवाल असतो, पॅकहाउसची नोंद असते, आणि पेटीवरून मागे जात मळ्यापर्यंत पोहोचता येते. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकरी कंपनीत किंवा सातपूर-अंबडच्या कारखान्यांत अशा नोंदी सांभाळणाऱ्याला संगणक तर यावाच लागतो, पण फवारणीनंतर किती दिवसांनी तोडणी झाली ही तारीख पाहून ‘हे शक्य नाही’ असे म्हणता येणेही लागते. ‘हे शक्य नाही’ म्हणण्याची ही ताकद तुमच्याकडे आहे. तीस दिवसांच्या उधारीवर तुम्ही नेमके तेच म्हणालात. ती तिच्याकडे जावी, यासाठी मी तिला दुकानात बोलवा असे सांगते आहे.

परंतु गल्ल्यावर बसवण्यासाठी बोलावू नका. अभ्यास तेव्हाच बुडतो, जेव्हा मूल दुकानात नुसते हाताखालचे माणूस होते. आठवड्यातून दोन सकाळी, ठरलेल्या वेळी, एका ठरलेल्या कामासाठी तिला बोलवा. ते काम उधारीचे असू द्या. तुमच्या वहीतील मागील तीन वर्षांची येणी तिने कोष्टकात भरावीत: गाव, बिलाची तारीख, रक्कम, पैसे आल्याची तारीख. गिऱ्हाइकांची नावे तिने बाहेर कुठेही, एआयच्या यंत्रणेतसुद्धा, टाकू नयेत; त्यांच्या जागी क्रमांक वापरावेत, कारण ती त्यांची खाजगी बाब आहे आणि तुमच्या पेढीची पतही. मग गावागावानुसार आणि महिन्यानुसार पैसे किती दिवसांनी येतात, हे तिनेच काढावे. द्राक्षाच्या गावांचा आलेख एक बोलेल, कांद्याच्या गावांचा दुसरे, आणि कारखान्यांतील पगारावर चालणाऱ्या सिडको-अंबडच्या दुकानांचा तिसरे. त्यातून एखादी गोष्ट तुम्हालाही नवी कळेल, अशी माझी खात्री आहे. तीस वर्षे जे अंदाजाने केले ते आकड्यांत दिसते तेव्हा कधी अंदाज खरा ठरतो, तर कधी एखादे गिऱ्हाईक आपण समजत होतो त्यापेक्षा चोख निघते. तसे झाले तर ते तिला मोकळेपणाने सांगा.

हा अभ्यास पुढच्या सत्राचा प्रकल्प म्हणून तिला देता येईल. प्रत्येक पानावरच्या प्रत्येक आकड्याचे गाव तिला ठाऊक असेल आणि तोंडी परीक्षेत कोणीही काहीही विचारले तरी ती अडणार नाही. भाषा नीट करून घेण्यासाठी तिने एआयची मदत घेतली तर माझी हरकत नाही, मात्र तशी मदत घेतल्याचे तिने अहवालात लिहावे.

हाताने लिहिण्याच्या महिन्यासाठी तुम्ही गेल्या वर्षीचा मार्च निवडावा असे मी सुचवते. वर्षअखेरीमुळे त्या महिन्यात शिल्लक मालाची मोजणी, देणी-येणी आणि बँकेचा ताळमेळ हे सगळे एकत्र येते, आणि द्राक्षाच्या गावांतली उधारी त्याच सुमारास मिटू लागते. त्या महिन्याची बिलांची फाइल आणि उधारीची वही या रविवारी माळ्यावरून काढून ठेवा. दोन जाड रजिस्टरे तिला तिच्या पसंतीने आणू द्या.